बॉटमधून बाहेरची लायब्ररी कॉल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉट म्हणजे माणसाच्या जागी संगणकावर क्लिक, टायपिंग अशी कामं करणारा प्रोग्राम. त्याच्या तयार कृती जिथे संपतात, तिथून हे पान सुरू होतं. विंडोजवर चालणारे ऑटोमेशन बॉट डोळ्यासमोर ठेवले आहेत, कारण डीएलएलची (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायच्या तयार फंक्शनची फाइल, म्हणजे विंडोजवरची लायब्ररी) डोकेदुखी मुख्यतः तिथलीच. सगळं वाचायची गरज नाही. तुमची एरर ज्या प्रश्नात दिसेल तिथून वाचायला घ्या.

### बाहेरची लायब्ररी कॉल करायची वेळ येते तरी कशाला?

स्क्रीनवर क्लिक करणं, एक्सेल वाचणं, मेल पाठवणं यासाठी बॉट बनवायच्या साधनात कृती तयार असतात. पण चेकसम (मजकूर किंवा क्रमांक जसाच्या तसा आहे ना, हे तपासायचा आकडा) काढायचा, वेगळ्याच फॉरमॅटमधली फाइल उलगडायची, डिजिटल सही तपासायची, स्कॅनरशी बोलायचं, असं काही आलं की गाडी अडते. मग एक तर बॉटच्या इफ आणि लूपच्या ठोकळ्यांतून तेच लॉजिक उभं करायचं, नाहीतर कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेलं फंक्शन कॉल करायचं. चाळीस ठोकळ्यांत बांधलेला चेकसम मी पाहिला आहे. चालत होता. त्याला हात लावायची हिंमत मात्र कोणाची नव्हती.

उलट बाजूही आहे. तयार कृतीने जे होतंय त्यासाठी डीएलएल लिहू नका. स्ट्रिंगमधल्या स्पेस काढायला डीएलएल बनवणारे असतात, आणि वर्षभराने तिचा सोर्स कोड कोणाकडे आहे हे शोधत फिरणारे दुसरेच असतात.

### एक डीएलएल चालते, दुसरी चालत नाही. दोन्ही डीएलएलच ना?

एक्स्टेन्शन एक, पण जाती दोन. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या नेटिव्ह डीएलएलमध्ये थेट मशीन कोड असतो. बाहेरून दिसते ती फक्त फंक्शनच्या नावांची यादी. त्या फंक्शनला किती पॅरामीटर लागतात, ते आकडे आहेत की स्ट्रिंग, परत काय मिळतं, यातलं काहीही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ते हेडर फाइलमध्ये (फंक्शन जाहीर करणारी सोर्स फाइल) किंवा मॅन्युअलमध्ये शोधावं लागतं. डॉटनेटच्या (मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम लिहायची आणि चालवायची व्यवस्था) डीएलएलमध्ये क्लास, मेथड (क्लासमधलं फंक्शन), पॅरामीटरचे प्रकार ही सगळी माहिती आतच असते. म्हणून बहुतेक बॉट साधनं डॉटनेटची डीएलएल थेट कॉल करतात आणि नेटिव्ह दिली की हात वर करतात.

हातातली डीएलएल कोणत्या जातीची हे ओळखायला ती आयएलस्पायमध्ये (डॉटनेटच्या डीएलएलचा आतला कोड दाखवणारं साधन) उघडा. क्लासची झाडं दिसली तर डॉटनेट. नेटिव्ह निघाली तर व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या डंपबिनने तिच्या एक्सपोर्टची यादी काढा. यादीत नावांना प्रश्नचिन्हं आणि विचित्र अक्षरं चिकटलेली दिसली, तर ती सी प्लस प्लसच्या कंपायलरने बदललेली नावं आहेत. तुम्ही मॅन्युअलमधलं साधं नाव देत राहिलात तर ते कधीच सापडणार नाही.

### माझ्या साधनात ही सोय कुठे असते?

ऑटोमेशन एनीव्हेअरमध्ये डीएलएल पॅकेज आहे: ओपन, रन फंक्शन, क्लोज. युआयपाथमध्ये एकच मेथड हवी असेल तर इन्व्होक मेथड, दोन-चार ओळींचा कोड लिहायचा असेल तर इन्व्होक कोड. नीट पद्धतीने करायचं तर लायब्ररीचं न्यूगेट (डॉटनेटच्या लायब्ररी वाटायची पद्धत) पॅकेज बनवून प्रोजेक्टला जोडायचं. ब्लू प्रिझममध्ये ऑब्जेक्टच्या इनिशियलाइज पानावरच्या कोड ऑप्शन्समध्ये रेफरन्स (कोणती डीएलएल) आणि नेमस्पेस (क्लासच्या नावाआधीचं गटाचं नाव) द्यायचे आणि कोड स्टेजमधून कॉल करायचा. पॉवर ऑटोमेटच्या डेस्कटॉप आवृत्तीत डॉटनेट स्क्रिप्ट चालवायची कृती आहे, तिला रेफरन्सचा फोल्डर दाखवता येतो.

ऑटोहॉटकी आणि ऑटोइट या दोन्हींत डीएलएलकॉल नावाचं फंक्शन आहे आणि ते नेटिव्ह डीएलएलशी थेट बोलतं. पायथनमध्ये नेटिव्हसाठी सीटाइप्स, डॉटनेटसाठी पायथननेट.

### नेमस्पेस, क्लास, मेथड सगळं बरोबर लिहिलंय, तरी 'मेथड सापडली नाही' म्हणतो.

बरोबर लिहिलंय असं वाटतं, तिथेच घोडं पेंड खातं. नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर तंतोतंत जुळलं पाहिजे. क्लास आणि मेथड दोन्ही पब्लिक असले पाहिजेत. सी शार्पमध्ये काहीच लिहिलं नाही तर क्लास इंटर्नल आणि मेथड प्रायव्हेट ठरते, हे घाईत विसरलं जातं. क्लास दुसऱ्या क्लासच्या पोटात असेल तर त्याचं पूर्ण नाव वेगळं होतं. कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणारी मेथड) पॅरामीटर लागत असतील तर ऑब्जेक्ट बनवायला साधनाकडे काही नसतं, म्हणून बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर ठेवा.

आणखी एक, जरा लबाड कारण: एकाच नावाच्या दोन मेथड. एक स्ट्रिंग घेते, दुसरी आकडा घेते. माणसाला फरक कळतो, पण नावावरून शोधणाऱ्या साधनाला यातली कोणती हे ठरवता येत नाही आणि ते 'अँबिग्युअस मॅच' म्हणून थांबतं. बॉटसाठी लिहिलेल्या क्लासमध्ये एका नावाची एकच मेथड, हा नियम मी पाळतो.

### फाइल तर समोर दिसतेय, मग 'लोड करता आली नाही' का?

एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. 'किंवा तिची एखादी डिपेंडन्सी' असं तिच्यात असतं आणि नव्वद टक्के लोक तिथवर पोचतच नाहीत. (टक्केवारी माझ्या अंदाजाची, पण तुम्हीही आत्ता वर जाऊन एरर पुन्हा वाचलीत ना?) तुमची डीएलएल सापडली आहे. तिला लागणारी दुसरी सापडलेली नाही. डेव्हलपरच्या मशीनवर ती असते, बॉट चालणाऱ्या मशीनवर नसते. बिल्डच्या फोल्डरमधून एकच फाइल उचलून नेली की हे होतंच. पूर्ण फोल्डर न्या. नेटिव्ह डीएलएल असेल तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल त्या मशीनवर आहे का तेही बघा.

पायथनवाल्यांसाठी वेगळी गोष्ट: ३.८ पासून विंडोजवर सीटाइप्सने लोड केलेल्या डीएलएलच्या डिपेंडन्सी पाथ व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत शोधल्या जात नाहीत. फोल्डर ओएस मॉड्यूलच्या ॲड डीएलएल डिरेक्टरी या फंक्शनने सांगावा लागतो. ३.७ वर चालणारा बॉट अपग्रेडनंतर पडला तर आधी इथे बघा.

डीएलएल मेलमधून किंवा ब्राउझरमधून आली असेल, तर 'ही बाहेरून आली' असा शिक्का विंडोज तिच्यावर मारून ठेवतं आणि डॉटनेट फ्रेमवर्क ती लोड करायला नकार देतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची चौकट असते. टिक करण्याआधी ती फाइल खरोखर कुठून आली याची खात्री मात्र करून घ्या.

### 'बॅड इमेज फॉरमॅट' म्हणजे? मी तर कुठलं चित्र वापरलंच नाही.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, प्रत्येकाला पहिल्यांदा हेच वाटतं. इथे इमेज म्हणजे मेमरीत चढवायची प्रोग्रामची फाइल. बहुतेक वेळा अर्थ एकच: बॉट चालवणारी प्रोसेस ६४ बिटची आणि डीएलएल ३२ बिटची, किंवा उलट. एका प्रोसेसमध्ये दोन्ही नांदत नाहीत. बॉटची प्रोसेस कितीची आहे ते टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये प्लॅटफॉर्म हा कॉलम लावला की दिसतं.

विंडोज स्वतः या बाबतीत गोंधळात भरच घालतं. ६४ बिटच्या विंडोजवर सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या डीएलएल असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. मागची सुसंगतता सांभाळण्यासाठी असं केलंय, पण नाव वाचून फाइल उचललीत तर हमखास फसाल.

डॉटनेटची डीएलएल 'एनी सीपीयू' म्हणून बिल्ड केली तर हा प्रश्न सहसा मिटतो. पण तिच्या आतून एखादी नेटिव्ह डीएलएल कॉल होत असेल तर तो फक्त एक पायरी खाली सरकतो.

### डॉटनेटची कोणती आवृत्ती धरून बिल्ड करू?

तुमचं साधन ज्यावर चालतं ती. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८.१ वर थांबलेली जुनी शाखा आणि डॉटनेट ५ पासूनची नवी शाखा यांच्या लायब्ररी एकमेकींच्या जागी आंधळेपणाने वापरता येत नाहीत. युआयपाथच्या विंडोज-लेगसी प्रोजेक्टचा पाया फ्रेमवर्क आहे, तर नव्या विंडोज प्रोजेक्टचा नवी शाखा. दोन्हीकडे चालायला हवी असेल तर डॉटनेट स्टँडर्ड २.० धरा. २०१७ सालचं आहे, पण याच कामासाठी आजही उपयोगी.

### पॅरामीटर म्हणून काय पाठवावं?

शक्य तितकं साधं. स्ट्रिंग, आकडा, हो-नाही. बॉट आणि लायब्ररी यांच्यात सीमारेषा आहे असं समजा. या कामात मी जितक्या चुका शोधल्या, त्यांतल्या फार थोड्या फंक्शनच्या आत होत्या. बाकीच्या रेषा ओलांडताना झालेल्या.

आकड्यांचं घ्या. खाते क्रमांक '००४५१२' आहे. बॉटने तो आकडा म्हणून पाठवला की पुढचे दोन शून्य गळतात आणि लायब्ररीला ४५१२ मिळतं. चेकसम चुकतो, शिव्या लायब्ररीला बसतात. मोठ्या क्रमांकात याहून वाईट होतं. ज्या साधनात आकडा म्हणजे डबल (दशांश ठेवणारा ६४ बिटचा आकडा), तिथे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक राहतात. त्यात एक मिळवून ९००७१९९२५४७४०९९३ पाठवा, पलीकडे शेवटचा अंक पुन्हा २ झालेला दिसेल. एरर नाही, इशारा नाही. म्हणून ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही असा कोणताही क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच पाठवावा.

तारखा स्ट्रिंग म्हणून आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवा. '०३/०४' हे एका मशीनवर तीन एप्रिल आणि दुसऱ्यावर चार मार्च असतं, मशीनच्या रीजन सेटिंगप्रमाणे. एक्सेलमधून उचललेली तारीख कधीकधी ४५००० असा नुसता आकडा बनून येते. तो १५ मार्च २०२३ आहे हे लायब्ररीला आपोआप कळत नाही. दशांशाचंही तेच: काही सेटिंगमध्ये दशांश टिंबाने लिहितात, काहींमध्ये स्वल्पविरामाने. आकड्याची स्ट्रिंग करताना सी शार्पमध्ये इन्व्हेरियंट कल्चर द्या आणि विषय संपवा.

### देवनागरी मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हं येतात.

विंडोजच्या मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनच्या दोन आवृत्त्या असतात. नावाच्या शेवटी 'ए' असेल तर जुन्या कोडपेजची (ठरावीक भाषांपुरता अक्षरांचा तक्ता), 'डब्ल्यू' असेल तर यूटीएफ-१६ ची (सगळ्या लिपी सामावणारी पद्धत). मेसेजबॉक्स-ए ला 'मराठी' दिलंत तर जुन्या कोडपेजमध्ये ही अक्षरंच नाहीत, म्हणून पाच प्रश्नचिन्हं दिसतील. मेसेजबॉक्स-डब्ल्यू ला दिलंत तर नीट दिसेल.

पाच का? कारण संगणकाच्या लेखी 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच संकेत. यूटीएफ-१६ मध्ये त्याचे १० बाइट होतात, यूटीएफ-८ मध्ये १५. तुमची सी लायब्ररी यूटीएफ-८ मध्ये उत्तर देत असेल आणि तुम्ही 'पाचच तर अक्षरं, दुप्पट धरू' म्हणून १० बाइटचा बफर (उत्तरासाठी राखलेली जागा) दिलात, तर चांगली लायब्ररी मजकूर अर्धवट कापेल आणि वाईट लायब्ररी बफरच्या पलीकडे लिहून बॉटच पाडेल. इंग्रजी मजकुरावर टेस्ट केलेलं सगळं पास होतं, म्हणून हा बग शेवटपर्यंत लपून राहतो. टेस्टमध्ये एक तरी देवनागरी ओळ घालाच.

### लायब्ररीला ऑब्जेक्ट लागतात, बॉटकडे नुसत्या स्ट्रिंग आहेत. मधला मार्ग?

रॅपर लिहा. मूळ लायब्ररी आणि बॉट यांच्यामध्ये तुमची स्वतःची एक बारीक डीएलएल. तिच्यात एक क्लास, तीन-चार मेथड, प्रत्येक मेथड स्ट्रिंग घेते आणि स्ट्रिंग देते. देण्याघेण्यासारखं जास्त असेल तर त्या स्ट्रिंगमध्ये जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) ठेवा. ऑब्जेक्ट बनवणं, प्रकार बदलणं, एक्सेप्शन पकडणं हे सगळं रॅपरच्या पोटात.

फायदा उद्या कळतो. मूळ लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत मेथडचं नाव बदललं तर रॅपरमधली एक ओळ बदलते. रॅपर नसता तर बारा बॉट उघडावे लागले असते. नेटिव्ह डीएलएललाही हाच उपाय: सी शार्पच्या रॅपरमध्ये डीएलएल इम्पोर्टने तिची फंक्शन जाहीर करायची आणि बॉटला फक्त रॅपर दाखवायचा.

सी शार्पमध्ये क्लासला आणि मेथडला देवनागरी नाव देता येतं, कंपायलर कुरकुर करत नाही. एकदा हौसेने करून पाहिलं. बॉटच्या चौकटीत ते नाव टाइप करणाऱ्या सहकाऱ्याने जे सुनावलं, त्यानंतर पुन्हा केलं नाही.

### एरर येते, पण तिच्यावरून काहीच कळत नाही.

'एक्सेप्शन हॅज बीन थ्रोन बाय द टार्गेट ऑफ ॲन इन्व्होकेशन' असं काही असेल तर ते फक्त पाकीट आहे, पत्र आत आहे. साधन तुमची मेथड रिफ्लेक्शनने (चालू असताना नावावरून शोधून) कॉल करतं, म्हणून मूळ एरर इनर एक्सेप्शनमध्ये जाऊन बसते आणि बरीच साधनं ती दाखवत नाहीत. रॅपरमध्ये ट्राय-कॅच लावून मूळ संदेश उत्तराच्या स्ट्रिंगमध्येच परत पाठवा: स्थिती, उत्तर, एररचा मजकूर. मग बॉट स्थिती वाचून पुढचं ठरवतो.

### ट्राय-कॅच लावूनही अख्खा बॉटच बंद पडतो.

मग नेटिव्ह कोडने मेमरीत चुकीच्या जागी हात घातला आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲक्सेस व्हायोलेशन दिसेल. डॉटनेट फ्रेमवर्क ४ पासून असले एक्सेप्शन साध्या कॅचमध्ये येत नाहीत, प्रोसेस थेट खाली बसते. आधी पॅरामीटरचे प्रकार हेडर फाइलशी ताडून बघा. ३२ बिटमध्ये कॉलिंग कन्व्हेन्शनही (पॅरामीटर कसे द्यायचे आणि स्टॅक कोणी साफ करायचा याचा करार) बघा, सीडेक्लच्या जागी एसटीडीकॉल दिलं की स्टॅक बिघडतो. ६४ बिटच्या विंडोजवर या दोघांत फरक उरत नाही.

सीटाइप्समध्ये एक जुना सापळा आहे. रिटर्नचा प्रकार सांगितला नाही तर पायथन तो ३२ बिटचा पूर्णांक धरतं. फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करत असेल तर ६४ बिटवर त्याचा वरचा अर्धा भाग उडतो. कधी चालतं, कधी पडतं, आणि 'कधी' शोधण्यात दोन दिवस जातात.

### दिवसा चालतो, रात्री अडकतो. एररही नाही.

माझ्या हातचा एक बॉट असाच रोज रात्री एका पायरीवर उभा राहायचा. लॉगमध्ये शेवटची ओळ 'फंक्शन कॉल केलं', पुढे सकाळपर्यंत शांतता. दिवसा मी समोर बसून चालवला की सुरळीत. नेटवर्कवर संशय घेतला, मग लायसन्सवर, मग मशीनच्या झोपण्यावर. शेवटी डीएलएल आयएलस्पायमध्ये उघडली. तात्पुरता फोल्डर भरला की ती 'जुन्या फाइल काढू का?' अशी चौकट दाखवत होती. दिवसा माझं बोट न बघताच 'हो' वर पडत होतं. रात्री उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

कोणी समोर नसताना चालणाऱ्या बॉटसाठीची लायब्ररी माणसाला काहीही विचारता कामा नये. लायब्ररी दुसऱ्याची असेल तर सायलेंट मोड आहे का बघा, आणि प्रत्येक कॉलला टाइमआउट लावा.

### डीएलएल बदलायला गेलो तर 'फाइल वापरात आहे'.

डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये लोड झालेली असेंब्ली (म्हणजे डॉटनेटची डीएलएल) एकटी उतरवता येत नाही, तिचं ॲप डोमेन किंवा प्रोसेस संपावी लागते. साधनातलं सेशन क्लोज करूनही कुलूप राहिलं तर बॉटची प्रोसेस बंद करा. मी आवृत्तीप्रमाणे वेगळा फोल्डर ठेवतो आणि त्या फाइलचा पाथ बॉटला त्याच्या एका व्हेरिएबलमधून देतो. जुनी फाइल तशीच राहते, परत फिरायचं झालं तर पाथ बदलला की काम झालं.

### दहा हजार ओळींसाठी दहा हजार वेळा कॉल करू?

नको. वेळ फंक्शनमध्ये जात नाही, बॉटच्या प्रत्येक पायरीचा लॉग आणि व्हेरिएबलची ने-आण यात जातो. अख्खी यादी एकदाच पाठवा, लूप रॅपरमध्ये फिरवा. सेशन लूपच्या आधी उघडा आणि नंतर बंद करा. ओपन लूपच्या आत ठेवलेले बॉट अजूनही दिसतात.

### सुरक्षेचं काय?

डीएलएल बॉटच्या खात्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. बॉट जे वाचू शकतो ते तीही वाचू शकते. म्हणून पूर्ण पाथ द्या. नुसतं नाव दिलंत तर विंडोज ठरलेल्या क्रमाने फोल्डर शोधतं, आणि आधीच्या फोल्डरमध्ये कोणी त्याच नावाची फाइल ठेवली तर ती लोड होते. डीएलएलच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क मोजक्यांनाच ठेवा. पासवर्ड पॅरामीटरमधून पाठवत असाल तर साधन पॅरामीटर लॉगमध्ये लिहीत नाही ना, ते बघा.

डिपेंडन्सीची यादीही ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतलं भगदाड उघड झालं, तेव्हा बऱ्याच टीमचा पहिला प्रश्न 'दुरुस्त कसं करायचं' हा नव्हता, 'आपण ती वापरतो का' हा होता.

### डीएलएलऐवजी सरळ एक्झी किंवा वेब सेवा बनवली तर?

लायब्ररी वारंवार पडत असेल, ३२-६४ चं जमत नसेल, किंवा ती पायथन वा जावाची असेल, तर खुशाल बनवा. वेगळ्या प्रोसेसमध्ये पडली तर बॉट वाचतो. प्रत्येक कॉलला प्रोसेस सुरू करायचा वेळ लागतो, आणि एक्झीचा एक्झिट कोड तपासायला लोक विसरतात. शून्य सोडून काहीही आलं तर थांबा, एवढी एक अट बॉटमध्ये घाला.